ह्यूगो गर्न्सबॅक : वाचकाच्या हातीं यंत्र देणारा संपादक

कोणत्याही नव्या यंत्राचा इतिहास सांगतांना बहुधा शोधकाचें नांव घेतलें जातें आणि कथा तेथेंच संपते. बिनतारी संदेश म्हटला कीं मार्कोनी, रेडिओची नळी म्हटली कीं फ्लेमिंग व डी फॉरेस्ट, ही नांवांची माळ शाळेंतील मुलांनाही पाठ असते. परंतु शोध लागला म्हणजे तो लोकांना कळला असें होत नाहीं. आणि कळला म्हणजे त्यांच्या हातीं आला असें तर मुळींच होत नाहीं. प्रयोगशाळेंतून घरांत येण्याच्या वाटेवर कारखानदार भेटतो, दुकानदार भेटतो, कायदा करणारा भेटतो. आणि ह्या सर्वांच्या मध्यें आणखी एक मनुष्य उभा असतो, ज्याची गणना सहसा कोणी करीत नाहीं. तो म्हणजे यंत्राची माहिती सोप्या भाषेंत लिहून छापणारा पत्रकार. रेडिओच्या बाबतींत अशा पत्रकारांचा मूळपुरुष म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवितां येईल, त्या ह्यूगो गर्न्सबॅकचें चरित्र मोठें उद्बोधक आहे. तें निष्कलंक नाहीं, आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगें आहे.

गर्न्सबॅकचा जन्म १६ ऑगस्ट १८८४ रोजीं युरोपांतील लक्झेंबर्ग ह्या चिमुकल्या देशाच्या राजधानींत झाला. घराण्याचें मूळ आडनांव गर्न्सबॅकर. वडील द्राक्षांच्या मद्याचे व्यापारी. मुलाला मात्र लहानपणापासून घंटा, तारा आणि बॅटऱ्या ह्यांचा नाद. पुढें जर्मनींतील बिंगेन येथील तांत्रिक विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें, आणि १९०४ सालीं, वयाला वीस वर्षेंही पुरीं झालीं नसतां, स्वतः योजलेली एक नवी बॅटरी बरोबर घेऊन तो अमेरिकेस निघाला. बॅटरीच्या धंद्यांत त्याला म्हणण्यासारखें यश आलें नाहीं. पण न्यूयॉर्कमध्यें फिरतांना एक गोष्ट त्याच्या लक्षांत आली. विजेचे प्रयोग करूं इच्छिणाऱ्या हौशी माणसाला लागणारे बारीकसारीक सुटे भाग तेथील बाजारांत मिळत नसत. ते युरोपांतून मागवावे लागत. जेथें उणीव तेथें व्यापार, ह्या न्यायानें १९०५ च्या सुमारास त्यानें ‘इलेक्ट्रो इंपोर्टिंग कंपनी’ काढली आणि टपालानें माल पाठविण्यास सुरुवात केली.

ह्या कंपनीनें विकावयास काढलेला ‘टेलिम्को’ नांवाचा बिनतारी संच हा घरगुती उपयोगासाठीं तयार स्थितींत विकल्या गेलेल्या अगदीं पहिल्या रेडिओ-संचांपैकीं एक होय. त्याची रचना आजच्या दृष्टीनें बाळबोध वाटेल. प्रेषक बाजूस एक वेटोळें, दोन धातूचे गोळे आणि एक कळ. कळ दाबली कीं गोळ्यांच्या मधल्या फटींत ठिणगी उडे व तिच्यापासून विद्युत्‌लहरी चोहोंकडे पसरत. ग्राहक बाजूस कांचेच्या नळींत धातूचा कीस भरलेला असे. लहर येऊन पोंचतांच त्या किसाचे कण एकमेकांस चिकटत, त्यांतून बॅटरीचा प्रवाह वाहूं लागे आणि घंटा वाजे. लगेच एक लहानशी हातोडी नळीवर टकटक करून कण पुन्हां मोकळे करी. त्या संचांत बोलणें नाहीं, गाणें नाहीं. केवळ भिंतीपलीकडच्या खोलींत, मध्यें कसलीही तार नसतां, घंटा वाजावी एवढाच चमत्कार. पण तो साडेसात-आठ डॉलरांत पोराटोरांना करून पाहतां येत होता.

एवढ्या स्वस्तांत बिनतारी यंत्र मिळतें ह्यावर लोकांचा विश्वासही बसेना. गर्न्सबॅक पुढें एक आठवण सांगत असे. कोणीतरी तक्रार केल्यावरून एक पोलीस शिपाई चौकशीसाठीं त्याच्या दुकानांत आला. गर्न्सबॅकनें संच मांडून घंटा वाजवून दाखविली. शिपायानें तो प्रकार पाहिला, पण त्याचा संशय फिटला नाहीं. जाहिरातींत ‘बिनतारी’ म्हटलें आहे, मग यंत्राला ह्या एवढ्या तारा कशाला जोडल्या आहेत, असें त्याचें म्हणणें! गोष्ट विनोदाची खरी. पण तिनें गर्न्सबॅकला आपल्या पुढील आयुष्याचें काम दाखविलें असें म्हणावयास हरकत नाहीं. माल विकून भागणार नव्हतें. आधीं लोकांना समजावून सांगणें भाग होतें.

त्याप्रमाणें एप्रिल १९०८ मध्यें त्यानें ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ नांवाचें मासिक सुरू केलें. मालाच्या यादीचाच तो वाढलेला अवतार होता. संच कसा बांधावा, तार किती जाड घ्यावी, छपरावर आकाशतार कशी ताणावी, हें त्यांत आकृत्यांसह सांगितलेलें असे. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें असत, आणि कोण्या गांवच्या मुलानें आपल्या माळ्यावर मांडलेल्या यंत्राचें छायाचित्रही मोठ्या कौतुकानें छापलेलें असे. वाचक हा नुसता वाचक न राहतां लेखकही व्हावा, अशी ही योजना होती. पुढें मोठा ग्रंथकार म्हणून गाजलेला ल्यूइस ममफर्ड ह्याचें शाळकरी वयांतील पहिलेंवहिलें लिखाण ह्याच मासिकांत रेडिओच्या यंत्रांविषयीं प्रसिद्ध झालें.

येथेंच एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. मासिक सांगे कीं अमुक वेटोळें घ्या. आणि तें वेटोळें त्याच मासिकाच्या मालकाच्या दुकानांत विकत मिळे. सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असला, तर सल्ल्याची किंमत काय राहते? यंत्रांविषयीं लिहिणाऱ्या प्रत्येक पत्रकारापुढें हा प्रश्न आजतागायत उभा आहे. गर्न्सबॅकनें तो कधीं सोडविला नाहीं; बहुधा त्याला तो प्रश्न वाटलाही नाहीं. त्याच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, त्यानें आपल्या वाचकाला यंत्राचें पोट उघडून दाखविलें. ज्याला आंतील रचना समजली, त्याला वाटेल तेथून सुटे भाग आणून, किंवा घरच्या रिकाम्या डब्याभोंवतीं तार गुंडाळून, यंत्र उभारतां येत होतें. विक्रेत्यानें गिऱ्हाइकाला दिलेली ही सूट लहान नव्हे.

ह्या हौशी मंडळींची संख्या वाढूं लागली तसा दुसराच पेंच उद्भवला. आकाश सर्वांचें, त्यांत कोणीही, वाटेल त्या लहरीवर, वाटेल तेव्हां संदेश सोडी. आरमाराच्या व व्यापारी जहाजांच्या संदेशांत पोरांच्या गप्पा मिसळत. साहजिकच हौशी लोकांना आकाशांतून हुसकून लावावें अशी भाषा सुरू झाली. गर्न्सबॅकनें १९०९ सालीं ‘वायरलेस असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही संस्था काढली. तिचें अध्यक्षपद ली डी फॉरेस्ट ह्यानें स्वीकारलें, आणि थोड्याच काळांत तिचे हजारों सभासद झाले. १९१२ च्या आरंभीं आपल्या मासिकांतून गर्न्सबॅकनें सुचविलें कीं, हौशी लोकांस बंदी करूं नये. त्यांना २०० मीटरांखालील लहरी व एक किलोवॅटची मर्यादा घालून द्यावी, म्हणजे कोणाचीच अडचण होणार नाहीं. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें ‘टायटॅनिक’ जहाज बुडालें, बिनतारी संदेशांच्या शिस्तीचा प्रश्न सर्वांच्या तोंडीं झाला, आणि १३ ऑगस्ट १९१२ रोजीं अमेरिकेंत रेडिओचा कायदा झाला. त्यांत खासगी केंद्रांसाठीं हीच मर्यादा आली. ह्याचें श्रेय गर्न्सबॅक जन्मभर स्वतःकडे घेत असे. कायदा करणाऱ्यांनीं केवळ त्याचेंच ऐकलें असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु वाचकांची बाजू सर्वांसमक्ष मांडणाऱ्यांत तो पुढें होता, हें निश्चित.

ह्या कायद्यानें हौशी लोकांना जें दिलें, तें त्या वेळच्या तज्ज्ञांच्या मतें टाकाऊ होतें. आंखूड लहरी लांब जात नाहींत, अशी सर्वांची समजूत होती. पण टाकाऊ म्हणून दिलेल्या त्या माळरानांतच पुढें सोनें निघालें. नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्समधील व अमेरिकेंतील हौशी लोकांनीं १०० मीटरांच्या आसपासच्या लहरींवर अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवरून एकमेकांशीं प्रत्यक्ष संभाषण केलें, आणि दूरदूरच्या देशांस जोडणाऱ्या आंखूड लहरींचें युग सुरू झालें. त्या पोरांना १९१२ सालीं आकाशांतून समूळ काढून टाकलें असतें, तर हा शोध किती काळ रेंगाळला असता कोण जाणे!

दरम्यान गर्न्सबॅकनें पहिलें मासिक सोडून १९१३ मध्यें ‘इलेक्ट्रिकल एक्स्पेरिमेंटर’ हें दुसरें काढलें होतें. त्याच्या कर्तबगारीचा एक वेगळा पैलू ह्या मासिकांत दिसतो. निकोला टेस्ला हा महान् शोधक तेव्हां उतारवयांत व जवळजवळ विस्मृतींत गेला होता. गर्न्सबॅकनें त्याला लिहितें केलें, आणि १९१९ सालीं टेस्लाचें आत्मचरित्र ह्या मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झालें. टेस्लाच्या जीवनाविषयीं आज जें कांहीं खुद्द त्याच्या तोंडून कळतें, त्यांतील मोठा भाग एका संपादकाच्या ह्या आग्रहाचें फळ आहे. १९४३ मध्यें टेस्ला वारला, तेव्हां त्याच्या मुखाचा सांचा घेवविणाराही गर्न्सबॅकच होता.

१९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरतांच सर्व हौशी केंद्रें बंद करण्याचा हुकूम सुटला. युद्ध संपलें तरी केंद्रें उघडेनात. उलट सर्व रेडिओ आरमाराच्या ताब्यांत द्यावा असें विधेयक कायदेमंडळापुढें आलें. ह्या वेळीं हौशी लोकांच्या संघटना आणि गर्न्सबॅकचें मासिक एकाच बाजूला उभीं राहिलीं. विरोधाचीं पत्रें कायदेमंडळाच्या सभासदांकडे जाऊं लागलीं आणि विधेयक मागें पडलें. १९१९ मध्यें बंदी उठली. त्याच वर्षाच्या जुलैमध्यें गर्न्सबॅकनें ‘रेडिओ अमॅच्युअर न्यूज’ हें केवळ रेडिओला वाहिलेलें मासिक सुरू केलें. पुढील वर्षीं त्याच्या नांवांतील ‘अमॅच्युअर’ हा शब्द गळाला आणि तें ‘रेडिओ न्यूज’ झालें.

हा बदल केवळ नांवाचा नव्हता. २ नोव्हेंबर १९२० रोजीं पिट्सबर्ग येथील केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रक्षेपित केले, आणि पाहतां पाहतां रेडिओ हें संदेश पाठविण्याचें साधन न राहतां ऐकण्याचें साधन झालें. कालपर्यंत वाचक म्हणजे माळ्यावर ठिणग्या उडविणारा मुलगा. आतां वाचक म्हणजे दिवाणखान्यांत बसलेलें सबंध कुटुंब. कोणता संच घ्यावा, नळ्या किती असाव्या, आवाज कां खरखरतो, हे नवे प्रश्न आले. गर्न्सबॅकनें ऐकणाऱ्यांना त्यांच्या प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. पण संच स्वतः बांधण्याच्या आकृत्या छापण्याचें त्यानें सोडलें नाहीं. विकत घेणाऱ्याइतकीच बांधणाऱ्याची कदर त्याच्या पानांत राहिली.

यशाबरोबर त्याचा हव्यासही वाढला. जून १९२५ मध्यें न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉटेलांतून त्यानें ‘डब्ल्यूआरएनवाय’ हें स्वतःचें नभोवाणी केंद्र सुरू केलें. एप्रिल १९२६ मध्यें ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलें. केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें तें पहिलें मासिक. कल्पित कथेचा त्याला जुनाच नाद होता. ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ मध्यें १९११-१२ सालीं त्यानें भविष्यकाळावर स्वतःची कादंबरी क्रमशः छापली होती. तिच्यांत, लहरी दूरच्या वस्तूवर आपटून परत आल्या म्हणजे तिचें अंतर काढतां येईल, अशी कल्पना आकृतीसह आलेली आहे. रडारचें तत्त्व तें हेंच. कादंबरी म्हणून तिचें मोल बेताचेंच, परंतु लेखकाची नजर कोठवर पोंचत होती हें तिच्यावरून कळतें.

ऑगस्ट १९२८ मध्यें ह्या केंद्रावरून टेलिव्हिजनचे प्रयोग सुरू झाले. त्यासाठीं भोकें पाडलेली फिरती तबकडी वापरीत. चित्र अवघ्या ४८ रेघांचें, टपालाच्या तिकिटाहून फारसें मोठें नव्हे. चित्र व आवाज एकाच वेळीं पाठवितां येत नसत; म्हणून आधीं गाणाराचा चेहरा दिसे आणि मग त्याचें गाणें ऐकूं येई. ज्या संपादकानें १९०९ सालीं आपल्या मासिकांत टेलिव्हिजनविषयीं लेख लिहिला होता, त्यानेंच एकोणीस वर्षांनीं तो प्रयोग लोकांसमोर मांडावा, ह्यांत विलक्षण सातत्य आहे.

परंतु हीं सर्व मनोराज्यें उभीं होतीं ती तिजोरी तेवढी खोल नव्हती. नभोवाणी केंद्र खर्चाचें, मासिकें अनेक, देणीं थकलेलीं. फेब्रुवारी १९२९ मध्यें सावकारांच्या अर्जावरून त्याच्या प्रकाशन-संस्थेचें दिवाळें जाहीर झालें. ‘रेडिओ न्यूज’, ‘अमेझिंग स्टोरीज’ आणि नभोवाणी केंद्र, सर्व दुसऱ्यांच्या हातीं गेलें. ह्या प्रसंगीं केवळ दैवाला दोष देऊन चालणार नाहीं. लेखकांना मोबदला अल्प द्यावयाचा, तोही उशीरा द्यावयाचा, ही त्याची रीत होती; दिवाळ्यानंतरही ती सुटली नाहीं आणि कांहीं लेखकांना आपले पैसे वकिलामार्फत वसूल करावे लागले. जो संपादक वाचकांच्या हक्कांसाठीं कायदेमंडळाशीं भांडला, त्यानेंच आपल्या लेखकांची मजुरी अडवावी, ही विसंगति त्याच्या चरित्रांतून पुसून टाकतां येत नाहीं.

अशा आघातानंतर दुसरा कोणी धंदा सोडून बसला असता. गर्न्सबॅकनें अवघ्या कांहीं महिन्यांत, जुलै १९२९ मध्यें, ‘रेडिओ-क्राफ्ट’ हें नवें मासिक बाजारांत आणलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि मंदीचीं भीषण वर्षें सुरू झालीं. लोकांच्या घरीं संच होते, पण ते बिघडले तर नवे घेण्यास पैसा नव्हता. गर्न्सबॅकनें आपली नजर आतां दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे वळविली. १९३० सालीं त्याच्या संस्थेनें वेगवेगळ्या कारखान्यांच्या संचांच्या आकृत्या एकत्र करून दुरुस्तीचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. एखादा संच हाताखालीं आला, तर त्याची रचना शोधण्यांत दिवस घालविण्याऐवजीं कारागिरानें पान उघडावें आणि दोष काढावा. अंगीं थोडें कौशल्य असलेल्या माणसाला असें पुस्तक म्हणजे भाकरीचें साधनच होतें.

पुढील अडतीस वर्षें त्यानें हें काम नेटानें चालविलें. १९४८ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध जाहीर झाला. त्याच वर्षीं मासिकाचें नांव बदलून ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ झालें. दर एप्रिलच्या अंकांत ‘मोहम्मद युलिसीस फिप्स’ ह्या विचित्र टोपणनांवानें तो एखाद्या अशक्यप्राय यंत्राचें गंभीर वर्णन लिही, आणि कित्येक वाचक तें खरें मानून यंत्र कोठें मिळेल अशी विचारणा करीत. त्यांतील गंमत अशी कीं, थट्टेनें वर्णिलेल्या चिमुकल्या यंत्रांसारखीं यंत्रें कांहीं वर्षांनीं खरोखरच दुकानांत येत. १९५३ पासून विज्ञानकथांसाठीं दिल्या जाणाऱ्या पारितोषिकास त्याच्याच नांवावरून ‘ह्यूगो’ म्हणतात. १९ ऑगस्ट १९६७ रोजीं, त्र्याऐंशीवा वाढदिवस होऊन तीन दिवस लोटले असतां, न्यूयॉर्क येथें त्याचा अंत झाला. आपला देह त्यानें कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयास अभ्यासासाठीं देऊन ठेविला होता.

त्याच्या पश्चात् घडलेली एक घटना मात्र सांगितलीच पाहिजे. जुलै १९७४ च्या ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ च्या मुखपृष्ठावर ‘मार्क-८’ नांवाचा, घरीं बांधतां येण्याजोगा लहान संगणक झळकला. संगणक म्हणजे मोठमोठ्या संस्थांच्या बंद दालनांतली वस्तु अशी तेव्हां सामान्यांची समजूत होती. मासिकानें वाचकांना सांगितलें कीं आकृत्या मागवा, सुटे भाग जमवा आणि स्वतः बांधून पाहा. शब्द १९७४ सालचे. पण भाषा १९०८ सालचीच होती. नांवें बदलत हें मासिक २००३ सालीं बंद पडलें. त्यानें लावलेली संवय मात्र त्या आधींच घरोघर रुजली होती.

गर्न्सबॅकला थोर लेखक म्हणतां येणार नाहीं, निर्लोभ संपादकही म्हणतां येणार नाहीं. दुकान आणि लेखणी ह्यांच्यामध्यें जी भिंत असावी, ती त्यानें कधीं बांधलीच नाहीं. परंतु यंत्राविषयीं लिहिणाऱ्याचें लेखन कसाला लावावयाचें झाल्यास, तें वाचून मनुष्याला अधिक खरेदी करावीशी वाटली कीं अधिक कळलें, हें पाहिलें पाहिजे. गर्न्सबॅकच्या वाचकांनीं खरेदी तर केलीच. पण त्यांतील हजारोंनीं पेटीचें झांकण उघडलें, तारा मोजल्या, ठिणगी उडविली, आणि आकाशावर आपलाही हक्क आहे हें सरकारला निक्षून सांगितलें. वाचकाला त्यानें गिऱ्हाईक केलें हें खरें. नुसतें गिऱ्हाईक मात्र राहूं दिलें नाहीं. घरोघरच्या यंत्रांचीं झांकणें दिवसेंदिवस अधिक घट्ट होत असतांना त्याच्या कामाचा हाच भाग पुन्हां आठवावा असा आहे.